नैसर्गिक की मानवनिर्मित? मृतांच्या आकड्यांची तुलना करायची कशी

संत्रा_मार्केट

१३ ऑक्टोबरला आपत्ती जोखीम न्यूनीकरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो. त्यासाठी कॉलेजात फलक लावायचे आहेत. डावीकडे नैसर्गिक, उजवीकडे मानवनिर्मित, खाली मृतांची बेरीज, असा आराखडा आहे. आत्तापर्यंतची यादी देते.

डावीकडे: किल्लारी भूकंप १९९३ (७,९२८), ओडिशाचं महाचक्रीवादळ १९९९ (९,८८७), मोवाडचा पूर १९९१ (२०४), माळीणची दरड २०१४ (१५१), नागपूरचा पूर सप्टेंबर २०२३ (४).

उजवीकडे: भोपाळ १९८४ (?), मांढरदेवीची चेंगराचेंगरी २००५ (२९१), गोवारी मोर्चातली चेंगराचेंगरी १९९४ (११४), भंडाऱ्याच्या रुग्णालयातली आग २०२१ (१० नवजात), बाजारगावच्या स्फोटक कारखान्यातला स्फोट २०२३ (९).

अडलंय तीन ठिकाणी. भोपाळचा आकडा कोणता धरायचा? पानशेत, कोयना, मच्छू या धरणांच्या घटनांना कुठल्या बाजूला बसवायचं? आणि उष्माघात यादीत घ्यायचा का? नागपुरात फलक लावून ऊन वगळलं तर पोरं हसतील.

नोंदवही

भोपाळचं आधी सांगतो. २,२५९ हा सरकारचा सुरुवातीचा आकडा. ३,७८७ हा मध्य प्रदेश सरकारने नंतर मान्य केलेला. ५,२९५ हा नुकसानभरपाईत मृत्यूचा दावा मंजूर झालेल्यांचा. तिन्ही अधिकृतच. फरक आहे तो मोजणी कधी थांबवली आणि पुरावा काय मागितला यात. संघटनांचे अंदाज याच्या कितीतरी वर जातात. जखमी म्हणून मान्य झालेले साडेपाच लाखांहून अधिक आहेत, आणि ते तुमच्या फलकावर कुठेच दिसणार नाहीत.

त्यामुळे कोणताही आकडा सुटा लिहू नका. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात चार गोष्टी हव्यात: कोणी मोजले, कोणत्या तारखेपर्यंत, बेपत्ता धरले की नाही, थेट मृत्यूच की नंतरचेही. इर्शाळवाडीत (जुलै २०२३) मृतदेह मिळाले २७ आणि बेपत्ता राहिले ५७. कोणी २७ लिहितो, कोणी ८४. २००४ च्या त्सुनामीत भारताचे मृत १०,७४९, शिवाय बेपत्ता ५,६४०. बेपत्ता सोडले तर आकडा एक तृतीयांशाने घसरतो.

सगळ्यात मोठं उदाहरण प्युर्तो रिकोचं, २०१७ च्या मारिया वादळाचं. सरकारी आकडा होता ६४. पुढच्या सहा महिन्यांतले जादा मृत्यू मोजल्यावर अंदाज निघाला २,९७५. वीज नाही म्हणून डायलिसिस बंद पडलं, इन्सुलिन थंड ठेवता आलं नाही, रस्ते तुटल्याने रुग्णवाहिका पोचल्या नाहीत. यातला एकही माणूस वाऱ्याने मेलेला नाही.

इतवारी_भाऊ

म्हणजे एकाच घटनेचे तीन आकडे, अन् तिन्ही खरे. बाप्पा! फलकासमोर माणूस दहा सेकंद उभा राहते. त्याले काय सांगान?

नोंदवही

भाऊ, दहा सेकंदवाल्यासाठी मोठ्या अक्षरात एकच आकडा, खाली "कोणाचा, कधीपर्यंतचा". वाचणारा वाचतो. मुद्दा एवढाच की डावीकडचे आणि उजवीकडचे आकडे एकाच नियमाने मोजलेले हवेत. भोपाळचे वीस वर्षांनंतरचे मृत्यू धरायचे आणि किल्लारीचे पहिल्या महिन्याचे, असं केलं तर निकाल आधीच ठरवल्यासारखा होतो. नियमही जागोजागी वेगळे. रस्ते अपघातात ३० दिवसांच्या आत मेलेला मोजतात. स्फोटात आणि आगीत भाजलेले बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतुसंसर्गाने जातात, आणि तोवर बातमीतला पहिल्या दिवसाचा आकडा पक्का होऊन बसलेला असतो.

माळवद

किल्लारी डावीकडे टाकण्याला माझी हरकत आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६, तीव्रता ६.२. घरं दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंतींची, जोडणी मातीची. अशा भिंतीला प्रत्यक्षात दोन थर असतात, बाहेरचा आणि आतला, मध्ये चुरी आणि माती. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्यात थर सुटे होतात, पोट काढतात आणि कोसळतात. वर मातीचं माळवद. अर्धा मीटर जाडी आणि घनमीटरला १,६०० किलो धरले तर चौरस मीटरला ८०० किलो होतात. दहा बाय दहाच्या खोलीवर साडेसात टन. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही, म्हणजे वजन वाढतच जाणार. खाली माणसं झोपलेली. दबून मेले त्याहून मातीत गुदमरून बरेच मेले असणार, कारण माळवदाच्या ढिगाऱ्यात काँक्रीटसारख्या पोकळ्या उरत नाहीत.

आता दुसरी नोंद. न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च, २२ फेब्रुवारी २०११, तीव्रता तीच, ६.२. मृत १८५. त्यातले ११५ एका इमारतीत, सीटीव्ही नावाच्या, आणि तिच्या आराखड्यातच दोष होते हे चौकशीत निघालं. ती इमारत उभी राहिली असती तर आकडा सत्तर.

दिवस-रात्रीचा फरक मान्य, तिथे भूकंप दुपारी पाऊण वाजता झाला. तरीही चाळीसपट फरक जमिनीने केलेला नाही. तसंच २०१० सालचं: हैती ७.०, चिली ८.८. चिलीच्या भूकंपात ऊर्जा सुमारे ५०० पट जास्त. चिलीत मृत सव्वापाचशेच्या आसपास, हैतीत सर्वांत कमी अंदाजसुद्धा हजारोंत, बाकीचे एक लाखाच्या वर.

आरपार दगडांचा नियम साधा आहे. आयएस १३८२८ या भारतीय मानकाप्रमाणे उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक. पूर्ण जाडीचा दगड मिळत नसेल तर काँक्रीटचा ठोकळा किंवा आकड्याची सळई. पण त्या काळच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात किल्लारी झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होती. २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढूनच टाकला. त्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये आहे, म्हणून इथले कंत्राटदार निवांत असतात. असो, तो विषय वेगळा.

पाटबंधारे_मंडळ

धरणांचं सांगतो.

पानशेत, १२ जुलै १९६१: मातीचं धरण, काम अपुरं असताना पाणी अडवलं. विमोचकाजवळ (पाणी सोडायच्या वाटेपाशी) भराव खचला, पाणी माथ्यावरून गेलं. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की विषय संपतो, खालची बाजू धुपत मागे येते. त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं. पाऊस निसर्गाचा, बाकी सगळं माणसाचं. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही, सुमारे हजार असं लिहिण्याची पद्धत आहे.

मच्छू-२, मोरबी, ११ ऑगस्ट १९७९: सांडवा ज्या पुरासाठी आखला होता त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आलं. पुराचा अंदाजच कमी धरलेला. मृत १,८०० पासून २५,००० पर्यंत काहीही वाचायला मिळतं.

कोयना, ११ डिसेंबर १९६७: भूकंप, सुमारे १८० मृत. जलाशय भरायला लागल्यानंतर त्या भागात धक्के सुरू झाले, आणि जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांचं जगभर देतात ते उदाहरण हेच. आता सांगा, कुठला रकाना?

चीनची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. १९३८ मध्ये जपानी सैन्य अडवायला पीत नदीचा बांध मुद्दाम फोडला. अंदाज ४ ते ९ लाख मृत. १९७५ मध्ये वादळाच्या पावसात बानछाओ धरण फुटलं. थेट बुडालेले २६ हजार, नंतरची उपासमार आणि रोगराई धरली की काही अंदाजांत दीड लाखाच्या पुढे. दोन्ही ठिकाणी माणसं पाण्याने आणि त्यानंतरच्या उपासाने मेली.

नागपूरच्या पुरालाही हेच लागू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओव्हरफ्लो, नाग नदीचं पात्र आधीच आवळलेलं. ओव्हरफ्लोसमोरचं बांधकाम हायकोर्टापर्यंत गेलं हे सगळ्यांना माहीत आहे. मृत चारच, म्हणून फलकावर ती ओळ किरकोळ दिसेल. पण खोली आणि वेग यांचा गुणाकार बघायचा असतो. मीटरमधली खोली गुणिले सेकंदाला मीटरमधला वेग ०.४ च्या वर गेला की लहान मूल टिकत नाही, ०.६ ला मोठ्या माणसाचे पाय सुटायला लागतात. म्हणजे गुडघ्याएवढं पाणी (अर्धा मीटर) सेकंदाला सव्वा मीटरने आलं तरी पुरे. छोटी कार फूटभर पाण्यातसुद्धा तरंगायला लागते. डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडच्या तळमजल्यांत पाणी शिरलं तेव्हा लोक झोपेत होते. चार हा आकडा लहान आहे, धोका लहान नव्हता.

संत्रा_मार्केट

मग मधोमध तिसरा रकाना करू का? "मिश्र"?

बारुदखाना

ताई, तिसरा रकाना केला की पहिले दोन रिकामे होतील. बंगालचा १९४३ चा दुष्काळ (अंदाज २० ते ३० लाख मृत) मिश्र, किल्लारी मिश्र, माळीण मिश्र. उरेल काय, उल्कापात?

रकाने "कोणी केलं" यावर पाडूच नका. धोका आणि माणूस यांच्या मध्ये कोणती गोष्ट होती आणि ती का टिकली नाही, यावर पाडा. स्फोटकांच्या धंद्यात हिशोब असाच करतात. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि जिल्ह्यात कारखाने भरपूर, तेव्हा हे उदाहरण नागपूरकरांना कळेल.

स्फोटाच्या दाबासाठी सुरक्षित अंतर स्फोटकाच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. माल आठपट केला की अंतर दुप्पट लागतं. उलट बाजूने बघा: शेडमधला माल निम्मा केला तर धोक्याचं अंतर फक्त वीस टक्क्यांच्या आसपास कमी होतं. शेडमधली माणसं निम्मी केली तर संभाव्य मृत निम्मे होतात. म्हणून परवान्यात प्रत्येक शेडला दोन मर्यादा असतात, स्फोटक किती आणि माणसं किती, आणि दोन्ही दारावर रंगवलेल्या असाव्या लागतात. शेडभोवती मातीचा बांध, म्हणजे झोत आडवा न जाता वर जातो. छप्पर हलकं, म्हणजे उडालं तरी शेजारच्या शेडवर दगडासारखं पडत नाही. दारं बाहेर उघडणारी.

मोडतं ते सहसा माणसांच्या मर्यादेत. पाळी बदलताना जुने-नवे दोन्ही आत असतात. माल उचलायला दोन जास्तीचे येतात. पॅकिंग मागे पडलं म्हणून शेजारच्या शेडमधली माणसं ओढून घेतात. दारावर ४ लिहिलंय आणि आत ९ आहेत, तर स्फोट तेवढाच होतो, मृत दुपटीहून जास्त.

हीच नजर चक्रीवादळाला लावा. ओडिशात १९९९ ला ९,८८७ मृत. २०१३ च्या फायलिनच्या वेळी सुमारे १० लाख लोक आधी हलवले, मृत पन्नासच्या आसपास. वारा १९९९ ला जास्त होता हे खरं, पण फरक दोनशेपट आहे. समुद्र आला तेव्हा लाटेखाली माणसंच नव्हती. शेड रिकामी केली, एवढंच.

इतवारी_भाऊ

हे पटलं. पण एक सांगा, हलवल्यानं बी मरतेत ना लोकं? म्हातारे-कोतारे.

नोंदवही

मरतात. फुकुशिमा त्याचंच उदाहरण. २०११ च्या त्सुनामीत जपानमध्ये सुमारे १५,९०० मृत, अडीच हजार बेपत्ता. अणुभट्टीच्या किरणोत्सारामुळे सरकारने मान्य केलेला मृत्यू एक. पण फुकुशिमा प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालअपेष्टांशी जोडलेले मृत्यू २,३०० च्या वर. रुग्णालयं, वृद्धाश्रम घाईत रिकामे केले, प्रवास लांबला, औषधं चुकली. चेर्नोबिललाही तेच अवघड गणित: तातडीचे ३१, आणि सर्वाधिक किरणोत्सार झालेल्या सहा लाखांत पुढे ४,००० पर्यंत जातील असा २००५ चा अंदाज. ३१ आणि ४,००० एका बेरजेत मिसळू नका.

अजून एक चाळणी सांगून ठेवतो. जगभर जो आपत्तींचा विदासंच (डेटाबेस) वापरतात, बेल्जियममधला ईएम-डॅट, त्यात घटना यायला चारपैकी एक अट लागते: किमान १० मृत, किंवा १०० बाधित, किंवा आणीबाणीची घोषणा, किंवा आंतरराष्ट्रीय मदतीची हाक. नागपूरचा पूर ४ मृत असूनही बाधितांवर आत जाईल. बाजारगाव ९ मृत असूनही मृतांच्या अटीवर बाहेर राहील. युद्ध त्यात येतच नाही. आणि वीज पडून एकेकटे मरणारे तर त्यात कुठेच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या नोंदीत नैसर्गिक कारणांनी ८,०६० मृत, त्यात वीज पडून २,८८७, उष्माघाताने ७३०. त्याच वर्षी रस्त्यावर १,६८,४९१. वीसपट. तो आकडा कुठल्याच आपत्तीच्या यादीत नसतो, कारण मरतात ते दोन-दोन, तीन-तीन करून.

उन्हाळझळ

उष्माघाताचे ७३० हा आकडा फलकावर तसाच टाकू नका.

उष्माघात म्हणायला शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि सोबत भ्रम, झटके किंवा बेशुद्धी हवी. काखेतलं तापमान चालत नाही, गुदद्वारातलं लागतं. माणूस मेडिकलला किंवा मेयोला (नागपूरची सरकारी रुग्णालयं) पोचेपर्यंत कोणी अंगावर पाणी ओतलेलं असतं, तापमान उतरलेलं असतं. शवविच्छेदनात उष्म्याची अशी खास खूण सापडत नाही, बाकी कारणं वगळत जावं लागतं. प्रमाणपत्रावर मग "हृदय-श्वसनक्रिया बंद" येतं. ते कारण नव्हेच, ती मरणाची व्याख्या झाली. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अति उष्म्याला एक्स ३० हा संकेतांक आहे, तो पडण्यासाठी डॉक्टरने कारणांच्या साखळीत ऊन लिहिलेलं असावं लागतं.

शिवाय उन्हाने मरणारे बहुतेक उष्माघाताने मरतच नाहीत. हृदयविकार, मूत्रपिंड, मधुमेह असलेले आधी ढासळतात. म्हणून जादा मृत्यू मोजायचे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये असे १,३४४ जादा मृत्यू निघाले, तेव्हा तिथे उष्मा कृती आराखडा झाला आणि मग नागपूरनेही केला.

मोजणीची रीत अशी (आकडे फक्त समजावण्यासाठी, काल्पनिक). मेच्या एका आठवड्यात मागच्या पाच वर्षांचे मृत्यू ३१०, ३०२, ३१८, २९६, ३१४. सरासरी ३०८. यंदा ३७१. जादा ६३. आता हे नुसते चढउतार तर नाहीत? ३०८ चं वर्गमूळ साडेसतरा, त्याची दुप्पट ३५. जादा आकडा ३५ च्या आत असता तर गप्प बसायचं. ६३ आहे, म्हणजे काहीतरी घडलंय.

चुका होतात त्या अशा. नोंदणीची तारीख धरतात, मृत्यूची धरायला हवी. नोंदणीला २१ दिवसांची मुदत असते, तेव्हा दीड महिना थांबल्याशिवाय आठवडा पूर्ण भरत नाही. सरासरीत २०२० आणि २०२१ घेतलं तर सगळंच बिघडतं. लाटेनंतरचे तीन-चार आठवडेही बघावे लागतात; तिथे मृत्यू सरासरीच्या खाली गेले तर काही जण थोड्याच दिवसांनी जाणार होते, ते आधी गेले असा अर्थ. आणि तापमान तपासून घ्या. नागपूरचं २३ मे २०१३ चं ४७.९ नोंदलेलं आहे, पण मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं. संवेदक बिघडला होता असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. ते ५६ अजून फिरतंय.

नोंदवही

यात नागपूरची एक खास अडचण जोडतो. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. मेडिकल, मेयो आणि खासगी दवाखान्यांत गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ, अगदी छिंदवाडा-बालाघाटचेही रुग्ण येतात. शहराची लोकसंख्या २०११ ला २४ लाख. हजारी साडेसहा मृत्युदर धरला तर दिवसाला त्रेचाळीस. नोंदी त्याहून बऱ्याच जास्त दिसल्या तर घाबरू नका, आधी "मृताचा कायमचा पत्ता" या रकान्यावर चाळणी लावा.

पैशाचाही परिणाम असतो. राष्ट्रीय यादीतल्या आपत्तीत मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख मिळतात, पण त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन लागतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातल्या बारा आपत्तींच्या यादीत पूर, भूकंप, दरड, गारपीट, थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. ज्या मृत्यूला पैसे नाहीत त्याचा पंचनामा करायला कोणी धावत नाही. उजव्या रकान्यात उलटं होतं. तिथे पैसे देणारा कारखानदार किंवा विमा कंपनी असते, मग एकेका नावावर वाद.

बर्डी_चौक

गर्दीवर कोणी बोललं नाही, म्हणून.

"चेंगराचेंगरी" म्हणताना लोकांना वाटतं पायाखाली तुडवून मेले. बहुतेक उभ्या-उभ्याच गुदमरतात. छातीवर चारी बाजूंनी दाब आला की श्वास घेता येत नाही. चौरस मीटरला चार माणसांपर्यंत माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकतो. पाचच्या पुढे धोका, सातला गर्दी पाण्यासारखी वाहते आणि कोणाच्याच हातात काही राहत नाही. सपाट वाटेवर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात, पायऱ्यांवर ६६. तीन मीटरच्या फाटकातून मिनिटाला अडीचशे, म्हणजे दहा हजारांना चाळीस मिनिटं. मांढरदेवीला वाट पायऱ्यांची, त्यावर नारळाचं पाणी सांडून निसरडं, आणि वर दुकानांना आग. गोवारींच्या वेळी पोलिसांच्या लाठीमारानंतर पळापळ झाली, मेलेल्यांत बायका-मुलं जास्त. दोन्ही "चेंगराचेंगरी" म्हणून एका ओळीत टाकू नका.

संत्रा_मार्केट

डावं-उजवं काढून टाकलं. आता आडव्या ओळी आहेत आणि रकाने असे: घटना व वेळ, धोक्याचा आकार, तडाख्यात किती माणसं होती, मध्ये काय होतं, काय टिकलं नाही, मृत (कोणी मोजले, कधीपर्यंत), बेपत्ता, जखमी. जोड्या लावल्यात: किल्लारी-क्राइस्टचर्च, ओडिशा १९९९-फायलिन, मांढरदेवी-गोवारी. भोपाळला जोडी मिळेना, त्याला आख्खा फलक देतेय.

बारुदखाना

भोपाळच्या "मध्ये काय होतं" मध्ये नावानिशी लिहा: टाकी ई-६१० मध्ये सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट, शीतकरण बंद केलेलं, वायू धुणारा स्क्रबर चालू स्थितीत नाही, ज्वाळेत जाळणारी नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली. आणि भिंतीला लागून वस्ती, म्हणजे अंतरही नाही. चारही अडथळे एकाच रात्री गैरहजर होते. "वायुगळती" एवढंच लिहिलं तर हे सगळं गळून जाईल.

इतवारी_भाऊ

अन् खालची बेरीज? ते ठेवली का काढली?

संत्रा_मार्केट

काढली, भाऊ. त्या जागेत जादा मृत्यूंचं गणित येतंय, ३०८ आणि ३७१ वालं, वर ठळक "काल्पनिक आकडे" लिहून. बाकी मोवाडच्या ओळीत तडाख्यातल्या माणसांचा रकाना रिकामा आहे. १९९१ चीच जनगणना असल्यामुळे गावाची लोकसंख्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळायला हवी.

नोंदवही

मिळेल. नरखेड तालुक्यात बघा. आणि ती जनगणना मार्च १९९१ ची आहे, पूर ३० जुलैचा, म्हणजे पुराआधीचीच लोकसंख्या मिळते. भागाकार सरळ करता येईल.